बेरजेच्या ओळीतलं शून्य

निखिल : मावशी, विक्रीच्या अहवालाचा रात्रीचा जॉब मध्येच पडू नये म्हणून सगळ्यावर एकच ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लावलंय. एखाद्या दुकानाची फाइल वाचता आली नाही, तर विक्री शून्य धरायची आणि पुढे जायचं.

मावशी : का वाचता आली नाही?

निखिल : कारण काहीही असो. फरक काय पडतो?

मावशी : बंद असलेलं दुकान फाइल पाठवत नाही, असं तूच सांगितलंस. तेव्हा फाइल नसेल तर शून्य खरं. पण फाइल आहे आणि वाचायची परवानगी नाही, तर विक्री झालेली असू शकते आणि तुझं शून्य खोटं. पायथनमध्ये या दोन चुकांचे प्रकार वेगळे आहेत, दोन्ही ‘ओएसएरर’च्या पोटातले. भाषेने करून दिलेला फरक तू पुसून टाकलास.

निखिल : बरं, नेमके प्रकार लिहितो. पण यादीबाहेरची चूक आली तर? एका दुकानापायी सगळा अहवाल अडवायचा?

मावशी : यादीबाहेरची चूक म्हणजे काय घडलंय तेच आपल्याला कळलेलं नाही. अशा वेळी थांबावं आणि सांगावं.

निखिल : एरियान ५ रॉकेटने तेच केलं होतं! ४ जून १९९६ चं ते फसलेलं उड्डाण. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही, एडा भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये ‘ऑपरंड एरर’ उठला. दिशादर्शक संगणक नियमाप्रमाणे बंद झाला. राखीव संगणक त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. आणि त्या गणिताची उड्डाणानंतर गरजच नव्हती. न थांबणंच बरं होतं.

मावशी : हे मला मान्य करावं लागेल. थांबणं म्हणजे सुरक्षितता, असं नेहमीच नसतं. आकाशात तर नाहीच. पण पुढचं बघ. बंद पडताना त्या संगणकाने बिघाडाची माहिती पाठवली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाचे आकडे समजून वाचली आणि नोझल वळवले. चूक कळवली गेली, पण ऐकणाऱ्याला ती चूक वाटलीच नाही. तुझं शून्यही तसंच पुढे जातं.

निखिल : म्हणजे थांबायचं की नाही, हा प्रश्न नंतरचा?

मावशी : तो जागेवर ठरेल. तुझ्या जॉबने पुढे जावं, हरकत नाही. फक्त त्या दुकानापुढे आकडा नको. कोणत्या प्रकारची चूक झाली ते लिही.

निखिल : मालक खालची बेरीजच बघतात.

मावशी : मग बेरजेच्या ओळीतच लिही, किती दुकानं धरलेली नाहीत.