पोटातली चित्राहुती

जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला भाताची शिते ठेवण्याची, म्हणजे चित्राहुतीची, रीत ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना ‘वाटा’ म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पानात वाढलेले सगळेच आपले नसते, त्यातले काही सर्वभूतांचे असते, आणि ते आधी काढून ठेवल्यावरच पहिला घास घ्यायचा असतो. साधकहो, तोच वाटा आज उदरात शोधू या.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत स्वतःला वैश्वानर म्हणवतात, प्राणिमात्रांच्या देहात राहून अन्न पचवणारा. पण ज्वारीचा कोंडा, मुगाची साल, पालेभाजीचा चोथा यांतले बरेचसे तंतू फोडणारा पाचकरस माणसाच्या देहात नाहीच. ते जठर आणि लहान आतडे ओलांडून मोठ्या आतड्यात उतरतात, आणि तिथे जिवाणूंची वस्ती (2016 मधल्या एका गणनेनुसार देहातले जिवाणू सुमारे 38 लाख कोटी) त्यांचीच वाट पाहत असते. आपल्याला जे पचत नाही, तोच त्यांचा वाटा. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचे द्रव्य करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बहुतांश त्याच्यावरच पोसल्या जातात. म्हणजे काढून ठेवलेला वाटा फिरून यजमानाच्याच अंगी लागतो.

म्हातारपणी दात हलतात, भूक मंदावते, पान लहान होते, आणि त्यातून आधी जाते ते नेमके दुसऱ्याचे: उसळ जाते, भाकरी जाते, कोशिंबीर जाते, मऊ भात आणि चहा-बिस्किट तेवढे राहते. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी 2012 मध्ये 178 वृद्धांचा अभ्यास मांडला. दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे वैविध्य कमी, आहार एकसुरी आणि देह अधिक दुर्बल आढळला. यातले कारण कोणते आणि कार्य कोणते, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय आंबट दुधाला दिले. आपल्या ताकपिऱ्या मनाला हे सुखावते खरे, पण त्यांचा भर बाहेरून जिवाणू धाडण्यावर होता. घरच्यांच्या वाट्याचे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

तो पुढे युरोपातल्या पाच देशांनी हाती घेतला. 65 ते 79 वर्षांच्या 612 जणांतल्या निम्म्यांच्या सुमारास लोकांना वर्षभर भाज्या, कडधान्ये, फळे, मासे, ऑलिव्ह तेल असा भूमध्यसागरी आहार सुचवला गेला. 2020 मध्ये निष्कर्ष आले, की ज्यांनी तो नेमाने पाळला त्यांच्यात, कमी दुर्बलता आणि बरी स्मरणशक्ती यांच्याशी नाते असलेले जिवाणू वाढले. पाहुणे धाडले नव्हते, वाटाच वाढला होता.

हा वाटा हळूहळू वाढवावा, एकदम वाढवला तर पोट फुगते. आणि दात नसतील तर सालीच्या मुगाची आमटी करावी, भाकरी ताकात कुस्करावी, माठ शिजवून घोटावा. घोटल्याने तंतू कुठे जात नाहीत.