दोष वयाचा?
साठी उलटली की दात पडायचेच, असं आपण सहज म्हणून जातो. पण डेन्मार्कमधल्या, 1965 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हाराल्ड लो यांनी 12 निरोगी माणसांना, त्यांत बहुतेक विद्यार्थी, दात घासणं थांबवायला सांगितलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि ब्रश पुन्हा हाती येताच आठवडाभरात बऱ्या झाल्या. म्हणजे तरुण हिरड्याही सुजवायला दातांवर साचलेला जिवाणूंचा थर पुरेसा होता. मग म्हातारपणीच दात जास्त का हलतात? कारण हिरडीखालचं हाड वर्षानुवर्षं, बहुधा न दुखता, झिजत आलेलं असतं; त्यात मधुमेह, औषधांनी कोरडं पडणारं तोंड, आखडलेली बोटं. गेलेलं हाड सहसा परत येत नाही हे खरं, पण उरलेलं टिकवता येतं. आणि हिरड्यांतून रक्त येतं म्हणून घासणंच सोडणं (किंवा मिशरीकडे वळणं) उलटंच. मऊ ब्रश नेमका तिथेच हळुवार फिरवायला हवा.