इयत्ता आणि पायरी

ओळखीतल्या एका मुलीला कुरिअरच्या ऑफिसात नोकरी लागली. शाळेत इंग्रजीत तिचे गुण कायम चांगले. 'चेंज द व्हॉइस'चं वाक्य पुढ्यात ठेवलं की कर्ता-कर्माची अदलाबदल करून, मध्ये 'बाय' घालून क्षणात परत. पहिल्याच आठवड्यात चेन्नईहून फोन आला. समोरच्याला ना मराठी येत होतं, ना हिंदी. पार्सल कधी पोचणार, एवढंच त्याला हवं होतं. ती कशीबशी म्हणाली, "यस सर, पार्सल... टुमारो... कमिंग," आणि घामाघूम होऊन फोन शेजारच्याच्या हातात दिला. संध्याकाळी मला विचारलं, "काका, माझं ग्रामर कच्चं आहे. कुठला क्लास लावू?"

तिचं ग्रामर कच्चं नव्हतं. चुकला होता तो क्रम. आणि खरं सांगायचं तर ती नापासही झाली नव्हती, कारण चेन्नईच्या माणसाला उत्तर मिळालं होतं. पण जमलेली गोष्ट जमली म्हणून ओळखायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. पण इयत्ता दर जूनमध्ये आपोआप वाढते, पायरी वाढत नाही. काउन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषाशिक्षणाची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या आहेत. कुठला धडा झाला हे ती विचारत नाही. भाषेत तुम्हाला काय करता येतं, हे विचारते. मात्र ती सगळ्या भाषांसाठी आहे. मराठी माणसाला इंग्रजीत ठेच नेमकी कुठे लागते, हे ती सांगणार नाही. ते आपल्यालाच पाहावं लागेल. आणि पाहू लागलं की कळतं, प्रत्येक पायरीवर काय शिकायचं याहून कठीण निर्णय आहे तो काय तूर्त बाजूला ठेवायचं याचा.

सोयीसाठी आपण तीनच ढोबळ पायऱ्या धरू. पहिल्या पायरीवर हवेत नेहमीचे शब्द आणि तोंडात बसलेली तयार वाक्यं. ब्रिटिश अमदानीत बंगालच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या मायकेल वेस्टने १९५३ मध्ये सुमारे दोन हजार अतिवापराच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुराचा फार मोठा भाग एवढ्याच शब्दांवर चालतो. त्यांतले कित्येक आपल्या घरात आधीच आहेत, कारण टेबल, बस, तिकीट, डॉक्टर, लाइट म्हणणारा माणूस शून्यातून सुरुवात करत नाही. फक्त 'हॉटेल' म्हणजे मिसळ खायची जागा नव्हे, एवढं सांगावं लागतं. इथली खरी ठेच प्रश्न विचारताना लागते. मराठीत वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न तयार: 'तो चहा पितो का?' इंग्रजीत मात्र 'डू'ला पुढे आणावं लागतं आणि 'ड्रिंक्स'मधला 'एस' उचलून त्याच्या गळ्यात घालावा लागतो: 'डज ही ड्रिंक टी?' हे फळ्यावरच्या नियमाने येत नाही, शेकडो वेळा विचारून येतं. बाजूला ठेवायचं ते व्हॉइस आणि 'इनडायरेक्ट'. 'ही गो' म्हणणाऱ्या मुलावर डाफरणंही. तो 'एस' शिकवला लवकर जातो, पण बोलण्यात उशिराच मुरतो.

दुसरी पायरी लांबलचक. बहुतेकांची गाडी इथेच अडते. फोनवर भागतं, पण वाक्य मराठीच्या साच्यातून निघतं. आपण कुणाशी लग्न करतो, म्हणून 'मॅरिड विथ'. एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट'. 'दहा वर्षं इथे राहतो' याचं होतं 'आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स'. काळांचे तक्ते खरे उपयोगी पडतात ते इथे, कारण 'हॅव लिव्ह्ड' कशासाठी हवं ही गरज आता शिकणाऱ्याला स्वतःला जाणवलेली असते. उच्चारांतही लक्ष द्यावं ते आघाताकडे. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये 'टॉ'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. आपण तिन्ही एका सुरात म्हणतो आणि समोरचा 'पार्डन?' विचारतो. या पायरीवर सोप्या पुस्तकांचं भरपूर, अगदी अधाशासारखं वाचन हवं. बाजूला ठेवायच्या त्या म्हणी-वाक्प्रचारांच्या याद्या आणि उसना अमेरिकी हेल.

तिसऱ्या पायरीवर याद्यांचं राज्य संपतं. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशनच्या २००६ च्या हिशेबाप्रमाणे इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुलं लागतात. 'शब्दकुल' म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं. एवढं कोणी पाठ करत नाही. ते आपल्या विषयाच्या वाचनातूनच साठतं. नर्सने रुग्णांच्या नोंदी वाचाव्यात, वकिलाने निकालपत्रं. इथला अभ्यास आहे तो रीतीचा: वरिष्ठांना नकार कसा कळवायचा, खात्री नसलेली गोष्ट किती जपून मांडायची. आणि 'ए', 'ॲन', 'द' इथे. मराठीत ही उपपदं नाहीतच, म्हणून ती आपल्या अंगवळणी सगळ्यांत शेवटी पडतात. आपण मात्र लहान मुलांना त्यांच्या गाळलेल्या जागा भरायला लावतो.

यावर जुनी पिढी म्हणेल, "आम्ही तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली, आमचं काय बिघडलं?" काहीच नाही. पण त्या पाठमालेची भक्कम परंपरा उभी राहिली त्या काळात हायस्कुलातले बाकीचे विषयही इंग्रजीतच शिकवले जात. नियम एका तासाला, वापर दिवसभर. आज नियम उरला, वापर गेला. उलट बाजूचा पुरावाही आपल्याच देशात आहे. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी दक्षिण भारतातल्या शाळांत एक प्रयोग चालवला. व्याकरणाचा पाठ न देता मुलांपुढे नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकं ठेवली: ही गाडी चुकली तर पुढची कोणती? मुलं गाडी शोधत आणि इंग्रजी वाटेत भेटे.

राहता राहिली परीक्षा. 'डू ॲज डायरेक्टेड' कागदावर तपासायला सोपं, फोनवरचं उत्तर तपासायला अवघड. म्हणून तपासता येतं ते शिकवलं जातं आणि मुलाची पायरी न बघता सगळ्या वर्गाला एकच कागद मिळतो. अडचण खरी आहे. पण मोजणाऱ्याच्या सोयीसाठी शिकणाऱ्याचा क्रम उलटा करणं हे तिचं उत्तर नव्हे.

त्या मुलीला मी क्लास सुचवला नाही. वहीचं एक पान काढायला लावलं. दिवसभरात फोनवर कोणते प्रश्न येतात ते तिने लिहिले, ते सगळे मिळून अकरा भरले. प्रत्येकाला एकेक तयार उत्तर आम्ही बसवलं. पहिलं होतं, 'इट विल रीच यू टुमारो, सर.' तिने विचारलं, "काका, हा कुठला टेन्स?"

म्हटलं, "ते पुढच्या पायरीवर."