नावाचे भांडवल

एखाद्या कंपनीचा शेअर घेणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो? तिची यंत्रे, तिचा माल, की संस्थापकाचे नाव? हा प्रश्न व्यवहाराचा दिसत असला, तरी आमच्या मते तो नीतीचाही आहे.

अमेरिकेतील मार्था स्टुअर्ट या बाई गृहकलेवरील पुस्तकांनी व दूरदर्शनवरील कार्यक्रमांनी घरोघरी पोहोचल्या. १९९९ साली त्यांच्याच नावाच्या कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात १८ डॉलरला विक्रीस आले, आणि पहिल्याच दिवशी भाव जवळजवळ दुप्पट झाला. पुढे दुसऱ्याच एका कंपनीचे शेअर विकल्याच्या प्रकरणात चौकशी अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याबद्दल मार्च २००४ मध्ये त्या दोषी ठरल्या. त्या एका दिवसात त्यांच्या कंपनीचा भाव एक-पंचमांशाहून अधिक घसरला. वास्तविक मासिके तीच होती, कामगारही तेच होते. नवल असे की, कंपनी तोट्यात असूनही, बाई तुरुंगात असताना त्यांच्या पुनरागमनाच्या आशेवर भाव पुन्हा चढला!

कोणी म्हणेल, गुणी माणसावर विश्वास ठेवण्यात दोष कोणता? दोष काहीच नाही. परंतु विश्वास गुणांवर बसतो, मोह कीर्तीचा पडतो. जो आपल्या नावावर परक्यांची बचत स्वीकारतो, तो त्यांचा विश्वस्त होतो. त्याचे आचरण मग केवळ त्याचे खाजगी राहत नाही. आणि मुलाबाळांची पुंजी गुंतविणाऱ्या गृहस्थानेही आधी स्वतःस विचारावे : हा मनुष्य उद्या नसला, तर मागे काय उरेल? उत्तर नुसते 'नाव' असे आले, तर तेथे आदर अवश्य ठेवावा. पुंजी ठेवू नये.