चोविसाव्या वर्षी सल्ला देण्याचा अधिकार

सकाळचे सात. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये पहिली पाळी सुरू होते आहे, आणि मशिनच्या बाजूला चोवीस वर्षांची एक मुलगी उभी आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पायात कालच मिळालेले सेफ्टी शूज, अजून टाचेला चावणारे. डोक्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेले हेल्मेट, हातात वही. तीन महिन्यांपूर्वी ती एमबीए झाली आणि सल्लागार कंपनीत लागली. हे तिचे पहिले प्रोजेक्ट. समोरचा ऑपरेटर तिच्या जन्माच्या आधीपासून प्रेस चालवतो आहे. आणखी सहा आठवड्यांनी ही मुलगी याच कारखान्याच्या संचालकांना सांगणार आहे की इथले काम कसे चालायला हवे.

कोणत्या अधिकाराने?

दरवर्षी हजारो तरुण या व्यवसायात शिरतात आणि पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न त्यांना गाठतो. बहुतेक जण तो मनातल्या मनात दाबतात आणि त्याच्यावर चांगल्या इस्त्रीचा शर्ट घालतात. पण प्रश्न खरा आहे आणि जुना आहे. ‘अधिकार’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक खुर्चीबरोबर येतो, दुसरा अंगच्या योग्यतेचा असतो. एखाद्या कीर्तनकाराचा अधिकार मोठा, असे म्हणताना हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. सल्लागाराकडे पहिला अधिकार मुळातच नसतो. तो हुकूम काढू शकत नाही, कोणाची बदली करू शकत नाही. त्याच्याकडे फक्त शब्द असतो. तो शब्द कोणी का मानावा? कोवळ्या वयात मोठे सांगून गेलेल्या ज्ञानेश्वरांचा दाखला इथे कामाचा नाही. असे लोक शतकांतून एकदा होतात, आणि इथे प्रश्न साधारण बुद्धीच्या, मेहनती, थोड्या घाबरलेल्या माणसाचा आहे.

सल्लागार म्हणजे तुमचेच घड्याळ मागून घेऊन तुम्हालाच वेळ सांगणारा माणूस, असे या व्यवसायाबद्दल जगभर म्हटले जाते. लोक ते हसण्यावारी नेतात, पण त्यातला आरोप गंभीर आहे. मशिनवरच्या माणसाला जे ठाऊक आहे तेच ती वहीत उतरवून घेणार, त्याच्या स्लाइड होणार आणि त्याचे पैसे मोजले जाणार. मग ते ज्ञान कोणाचे? आणि विश्वास नेमका कोणाच्या शब्दावर ठेवायचा?

न्यायदर्शनाने या प्रश्नाचा जितक्या बारकाईने विचार केला आहे तितका क्वचितच कोणी केला असेल. ज्ञानाची चार साधने नैयायिक मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताने केलेला उपदेश. दीड हजार वर्षांपूर्वी न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावे ते सांगितले. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी पाहिली तशीच ती दुसऱ्यापर्यंत पोचवावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. जन्माची अट नाही, वयाची नाही, पदवीची नाही. अट आहे ती पाहण्याची आणि पाहिले तसे सांगण्याची. आज मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक. ज्याच्या शब्दावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा तो आपला माणूस, इतका तो अर्थ जवळ आला.

या कसोटीला उतरायचे, तर आधी पाहावे लागते. टोयोटाचे ताइइची ओनो नव्या इंजिनिअरला कारखान्याच्या जमिनीवर खडूने आखलेल्या वर्तुळात उभे करत आणि तिथून हलू देत नसत. तासन् तास बघत राहायचे. चाकणची ती मुलगीही कोपऱ्यात उभी राहून बघते आहे. तिच्या वहीत कालच्या लॉग शीटची नोंद आहे.

“काका, काल दुपारी इथं पन्नास मिनिटं ब्रेकडाउन लिहिलंय. काय बिघडलं होतं?”

“काहीच नाही बिघडलं, मॅडम. डाय बदलायची होती. क्रेन पलीकडच्या लाइनला अडकलेली.”

“मग ब्रेकडाउन का लिहिलं?”

ते हातमोजा काढतात आणि शीट तिच्याकडे फिरवतात. बोट एकेका रकान्यावरून सरकते. “हे बघा. ब्रेकडाउन. माल नाही. लाइट नाही. माणूस नाही. क्रेनचा रकाना कुठंय? मी लिहू कुठं?”

“सुपरवायझरना सांगितलं नाही?”

“दोनदा सांगितलं. ते म्हणाले, लिहून द्या.”

तिकडे ऑफिसात तीन महिन्यांच्या लॉग शीट एक्सेलमध्ये भरून झाल्या आहेत. आलेखात ब्रेकडाउनचा खांब सगळ्यांत उंच आहे आणि स्लाइडचा मसुदाही तयार आहे: प्रेस जुन्या झाल्या, नव्या घ्या. अनुमान दिसायला चोख आहे. नैयायिकांनी अशाच अनुमानासाठी ‘उपाधी’ हा शब्द वापरला. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही. त्यासाठी सरपण ओले असावे लागते. लोखंडाचा लालबुंद गोळा धगधगतो, त्याला धूर नसतो. ते ओले सरपण म्हणजे उपाधी, नजरेतून निसटलेली अट. इथे ती अट एका छापील कागदावर, किंवा कागदावर जे छापलेच नाही त्यात लपली होती. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता, आणि त्याचे ज्ञान जिना चढून वर जाऊ शकत नव्हते.

घड्याळाच्या आरोपाला उत्तर असेल तर ते इथे आहे. जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने १९२६ मध्ये शिकागोत सल्लागार संस्था काढली. तिला पुढे खरा आकार दिला तो १९३३ मध्ये रुजू झालेल्या मार्विन बोवर यांनी. ते मूळचे वकील. महामंदीत बुडालेल्या कंपन्यांच्या कर्जरोखेधारकांचे काम पाहताना त्यांच्या लक्षात आले की या कंपन्यांचे प्रमुख मूर्ख नव्हते. धंद्यात काय चालले आहे ते खालच्या लोकांना माहीत होते, पण वर सांगण्याची त्यांची हिंमत नव्हती, आणि वरच्यांनी कधी विचारले नव्हते. म्हणजे आप्त कारखान्यातच होते. त्यांचा शब्द पोचत नव्हता. नवख्या सल्लागाराचे काम इथे सुरू होते, आणि ते हलके काम नाही. पायात अडकणारे नाते, बढतीची स्पर्धा, जुने उणेदुणे यांपैकी काहीच तिच्याजवळ नसते, म्हणून ऑपरेटर तिच्याशी बोलतो. तिचे परकेपण हीच तिची सोय आहे. आणि तीच जोखीमही, कारण परक्याला शब्द वाटेत बदलणे फार सोपे जाते.

उपमानाच्या मोहापासून विशेष जपावे. गवय म्हणजे गाईसारखा प्राणी, असे ऐकलेला शहरी माणूस रानात जातो, तसा प्राणी पाहतो आणि ओळखतो. हे न्यायातले नेहमीचे उदाहरण. सल्लागारांच्या जगात याचा दूरचा भाऊ म्हणजे बेंचमार्क: अमक्या देशातल्या कारखान्यात हे काम निम्म्या वेळात होते. सारखेपणाने ओळख पटते, कारण कळत नाही. गवय गाईसारखा दिसतो म्हणून त्याचे दूध काढायला कोणी बसत नाही.

पाहून झाल्यावर सांगण्याची पाळी येते. बार्बरा मिंटो या १९६३ मध्ये मॅकिन्झी संस्थेने घेतलेल्या पहिल्या एमबीए महिला. त्यांनी शिकवलेली ‘पिरॅमिड’ची रीत आज जवळजवळ प्रत्येक नवख्याला घोटून घ्यावी लागते: निष्कर्ष आधी, आधार नंतर. शाळेत उलटे लिहायची सवय लागलेल्या मुलांना हे जड जाते. पण न्यायातल्या पंचावयव, म्हणजे पाच अंगांच्या अनुमानवाक्याची सुरुवातही प्रतिज्ञेनेच होते. डोंगरावर अग्नी आहे, हे आधी. धूर दिसतो, हा हेतू मागून. मग स्वयंपाकघराचा दाखला. नैयायिकांचा कटाक्ष असा की प्रतिज्ञा पहिल्या ओळीत असली तरी तिचा जन्म शेवटी झालेला असतो. आधी धूर दिसावा लागतो. घाईत नेमके हेच उलटते. स्लाइडचा मथळा पहिल्या आठवड्यात ठरतो आणि उरलेले पाच आठवडे त्याला साजेसा धूर शोधण्यात जातात.

मग मीटिंगची खोली. चर्चेचे तीन प्रकार न्यायसूत्रांनी वेगळे केले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडायची ती वितंडा. मराठीत आपण ‘वाद’ हा शब्द भांडणाला देऊन टाकला, हे नुकसानच झाले. रात्री साडेदहाला मॅनेजरच्या पुढ्यात बसून ‘हा आलेख चुकीचा नाही, पण लॉग शीटमध्ये रकानाच नाही’ असे सांगणारी मुलगी जुन्या अर्थाने वाद करत असते. चांगला मॅनेजर त्यावर विचारतो, “बरं, मग पुढे काय?” आणि ती काय उत्तर देते यावरून कळते की तिने वितंडा आणली आहे की वाद.

वरच्याने ऐकले नाही तर? विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात तरुण सहायक इंजिनिअर म्हणून धुळ्याकडे होते, तेव्हा पांझरा नदीवर नळाचा सायफन बांधायचे काम त्यांच्याकडे आले. पावसाने काम अवघड झाल्यावर त्यांनी ते पुढे ढकलण्याची सूचना केली. वरिष्ठांना ती रुचली नाही. शिस्तीची आठवण करून देण्यात आली. विश्वेश्वरय्यांनी मग काम हाती घेतले आणि पुरे केले. यात कमीपणा नाही. काम कसे करावे याबद्दल मतभेद होता. मत सांगून झाले होते, आणि पुढचा निर्णय ज्याचा होता त्याने घेतला. नोकरीत असे शंभरदा घडते.

मारीचाची गोष्ट वेगळी. वाल्मीकिरामायणातला हा राक्षस रावणाचा सल्लागार म्हणून फारसा आठवला जात नाही, पण त्याच्याइतका अस्सल आप्त दुसरा नव्हता. विश्वामित्राच्या यज्ञात रामाच्या बाणाने तो समुद्रात फेकला गेला होता. राम म्हणजे काय, हे लंकेतल्या कोणापेक्षाही त्याला अंगावरून ठाऊक होते. रावण सीताहरणाचा बेत घेऊन आला तेव्हा त्याने ते स्पष्ट सांगितले. हेही सांगितले की गोड बोलणारे हवे तितके मिळतात. कडू पण हिताचे बोलणारा दुर्मीळ, आणि ऐकणाराही. रावणाने ठार मारण्याची धमकी दिली. आणि इतका अचूक सल्ला दिलेल्या त्याच मारीचाने सोन्याच्या हरणाचे रूप घेतले.

त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या मानेवर तलवार होती. नवख्या सल्लागाराच्या मानेवर तलवार नसते, वर्षअखेरचा शेरा असतो, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता असतो. वर चढा नाहीतर बाहेर पडा, असा कित्येक संस्थांचा रिवाज असतो. हे दडपण लहान नाही. पण हरीण होण्याची वेळ आली की पांझरेवरचा मतभेद आणि सीताहरण यांतला फरक त्याला ओळखता यायला हवा.

तो न ओळखल्याची किंमत अलीकडे उघड झाली. ऑक्सिकॉन्टिन या अफूजन्य वेदनाशामकाची विक्री वाढवण्यासाठी मॅकिन्झीने पर्ड्यू फार्मा या अमेरिकी कंपनीला सल्ला दिला होता. जे डॉक्टर ते औषध जास्त लिहून देतात त्यांच्याकडे विक्री प्रतिनिधी अधिक वळवावेत, हा त्याचा एक भाग. अमेरिकेत तोवर अशा औषधांच्या व्यसनाने माणसे मरत होती. २०२१ मध्ये संस्थेने सत्तेचाळीस राज्ये आणि इतर प्रदेशांशी ५७.३ कोटी डॉलरची तडजोड केली, गैरकृत्य मान्य न करता. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याशी ६५ कोटी डॉलरची आणखी एक झाली, आणि संस्थेने जाहीर खेद व्यक्त केला. विश्लेषण कच्चे होते म्हणून हे घडले नाही. आकडे नेमके होते. विक्री वाढवण्याचे उत्तर, विचारलेल्या प्रश्नापुरते, बरोबर होते.

इथे वात्स्यायनाकडे परत जावे लागते. शब्दप्रामाण्याचा विषय पुन्हा येतो तेव्हा, आयुर्वेदाच्या संदर्भात, तो आप्ताच्या लक्षणांत आणखी एक जोडतो: भूतदया. प्राणिमात्रांचे दुःख टळावे ही तळमळ नसेल, तर प्रत्यक्ष पाहिलेले आणि नेमके सांगितलेलेसुद्धा प्रमाण ठरायला अपुरे पडते. तर्कशास्त्राच्या ग्रंथात करुणा ही ज्ञानाची अट म्हणून येते, आणि तिथे ती शोभेला नाही. औषध सांगणाऱ्याला रोगी बरा व्हायला नको असेल, तर त्याचे निदान कितीही बिनचूक असो, त्याच्या हातची पुडी घ्यायची कशी? सल्ल्याचे फळ सल्लागाराला भोगावे लागत नाही. ते भोगणारे लोक बहुधा त्या खोलीत नसतात. म्हणून त्यांना मनात घेऊन खोलीत शिरणे, हे पहिल्या प्रोजेक्टपासूनच शिकावे लागते. पार्टनर झाल्यावर ते अचानक उगवत नाही.

चाकणला मॅनेजरने तिचे ऐकून घेतले. पटले नाही, पण म्हणाला, आधी दोन आठवडे मोजून बघ. म्हणून ती सकाळी पट्टी आणि पेन्सिल घेऊन पुन्हा प्रेसजवळ गेली. कोऱ्या लॉग शीटच्या उजव्या कडेला तिने एक रेघ ओढली आणि वर लिहिले, ‘क्रेन’. दुपारी डाय बदलायची वेळ झाली. क्रेन पलीकडच्या लाइनवर होती. काकांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. क्रेन आली, डाय बसली, तेव्हा त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिले, आणि नव्या रकान्यात सावकाश, वळणदार आकड्यांत लिहिले: २.१० ते २.५५.