उत्तर आधीं, प्रश्न मागाहून

विवाह मोडल्यावर पत्रिका पुन्हां उघडावी आणि तींत मंगळ सांपडावा, हा अनुभव आपल्या घरांत नवा नाहीं. मंगळ तेथें पूर्वींही होताच. त्यास दोष मात्र मागाहून लागतो. खगोलशास्त्रज्ञांसही आज हाच मोह आवरावा लागत आहे.

विश्व सुमारें 3 लाख 80 हजार वर्षांचें असतां निघालेला प्रकाश अद्याप सर्व दिशांनीं आपल्याकडे येतो. 1965 सालीं त्याचा शोध प्रसिद्ध झाला. त्याचें आजचें तापमान सुमारें 2.725 केल्विन असून दिशेदिशेंतील फरक लाखांत एका भागाएवढा असतो. ‘डब्ल्यूमॅप’ व ‘प्लांक’ या यानांनीं काढलेल्या नकाशांत मृगाच्या पश्चिमेस एक असाधारण थंड डाग आढळला. दोन गोलार्धांतील चढउतारही सारखे दिसले नाहींत. पवनारला धाम नदीच्या कांठीं हिवाळ्यांत मृग पाहतांना या डागाचा मागमूसही लागत नाहीं. तो सृष्टीचा संकेत कीं निव्वळ योगायोग?

योगायोग पारखावयाचा तर प्रयोग पुन्हां करावा. पण विश्व एकच आहे. प्लांकनें डब्ल्यूमॅपचेंच चित्र पुन्हां दाखविलें, त्यावरून उपकरण निर्दोष ठरलें. आकाश तेंच राहिलें. आणि एका आकाशांत पुष्कळ धुंडाळलें म्हणजे कांहींतरी विलक्षण मिळणारच. डब्ल्यूमॅपच्या संशोधकांनीं 2011 सालीं आपल्याच नकाशांत स्टीफन हॉकिंग यांचीं आद्याक्षरें दाखवून हाच इशारा दिला.

याउलट 2008 सालीं पुण्यास जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ज्योतिषाची परीक्षा घेतली. पत्रिका हुशार मुलाची कीं मतिमंद मुलाची, एवढेंच सांगावयाचें होतें. कसोटी आधीं ठरलेली होती. 27 ज्योतिष्यांनीं प्रत्येकीं 40 पत्रिका पाहिल्या. सरासरी 46 टक्के उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवूनही तितकें साधतें.

मग तो डाग विसरावा काय? नाहीं. गैरसोयीची गोष्ट योगायोग म्हणून झाडून टाकणें, हाही अप्रामाणिकपणाच होय. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंत अमीर हाजियान व तरुण सौरदीप यांनीं 2003 सालीं सर्व आकाश सर्व दिशांनीं सारखें आहे कीं नाहीं, हें मोजण्याची एक गणिती रीत मांडली. एकेक डाग वेंचण्यापेक्षां हा मार्ग सरळ आहे. त्याच प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचीं नवीं मापें घेण्यापूर्वीं आपली अपेक्षा कागदावर लिहून ठेवावी, आणि ती चुकली तर तोच कागद चारचौघांत वाचून दाखवावा. पत्रिका पुन्हां उघडणाऱ्यानें एवढें जरी केलें, तरी पुष्कळ मुलींवरचा आळ टळेल.