मळा आणि तंबोरा

फळ देणे जर आपल्या हाती नाही, तर रोजच्या कष्टास मोल ते काय? हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. विशेषेकरून ज्यांनी वर्षानुवर्षे खपूनही पदरी थोडेच पडलेले पाहिले आहे, त्यांच्या मनात. आम्हांस ह्याचे उत्तर मळा व गायन ह्या दोहोंच्या साम्यात दिसते. आणि ते पाहण्यास फार दूर जावयास नको. सांगलीशेजारी मिरजेस सतारमेकर गल्लीत जावे म्हणजे झाले.

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्ये घडत आली आहेत. हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब हे तेथील आद्य कारागीर होत. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु तंबोऱ्याचा आरंभ कारखान्यात नसून मळ्यात आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकरी जो मोठा कडू भोपळा पिकवितात, त्याचाच हा तुंबा. ज्याची भाजी होत नाही, तोच फड गाजवितो! मात्र तो पुरता पक्व व्हावा लागतो. मग सुकवून, आतील गर व बी काढून तो पोकळ करतात, तेव्हा कोठे त्यात नाद घुमतो. शेतकरी पाणी देतो, तण काढतो. पण एक दिवसही आधी तो भोपळा पिकविणे त्याच्या हाती नाही.

गवयाचेही असेच आहे. गळा त्याने स्वतः घडविलेला नसतो. मशागत मात्र त्याची असते. हवा पालटली की तारा उतरतात. काल तंबोरा जुळविला होता म्हणून आज बेसूर चालत नाही. काल खुरपणी झाली म्हणून तण तरी कोठे थांबते? पुन्हा, तासगावचा बागायतदार वर्षातून दोनदा, एप्रिलात व ऑक्टोबरात, द्राक्षवेलीची छाटणी करतो. हिरव्या फांदीवर कात्री चालविताना मन कचरते, परंतु न छाटलेली वेल पानांनीच माजते. गवयासही गळ्यातून सहज निघणाऱ्या कित्येक ताना गाळाव्या लागतात, तेव्हाच रागाचे रूप उमटते.

कोणी म्हणेल, मळ्याचा माल घरात येतो. सूर तर हवेत विरून जातो. त्यास आम्ही बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे उदाहरण देऊ. त्यांनी मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांस शिकविले. शिष्याने 1896 साली मिरज सोडली, व 1901 साली दूर लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. मिरजेच्या त्या खोलीत रोज तेच तेच स्वर घोटून घेताना, हे पीक कोठे उगवेल हे गुरूस काय ठाऊक होते?

तेव्हा कष्टाने फळ निर्माण होते असे नव्हे. वाढ देणारा वेगळाच आहे. परंतु नांगरलेली जमीन व जुळविलेली तार नसेल, तर आलेले दान उतरावे कोठे? कष्टाचे मोल हेच की ते जागा तयार ठेवतात. म्हणून, प्रिय वाचकहो, गेल्या वर्षीचे पीक बुडाले असो वा शिकविलेले पोर मध्येच सोडून गेले असो, सकाळ होताच आपण खुरपे हाती घ्यावे, आणि तंबोऱ्याची उतरलेली तार पुन्हा चढवावी.